गायक, अर्थखाते आणि ४३.५ कोटी डॉलर

सप्टेंबर १९९९च्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांची वार्षिक बैठक भरली. तिथे अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जाहीर केले, की जगातल्या सर्वांत गरीब देशांकडून अमेरिकेला येणे असलेले कर्ज शंभर टक्के सोडून दिले जाईल. पण अमेरिकेत घोषणा अध्यक्ष करतो आणि तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, असते. त्या वेळी काँग्रेसमध्ये बहुमत रिपब्लिकन पक्षाचे होते आणि परकीय मदतीचे नाव काढले की तिथे कपाळाला आठ्या पडत. पुढचे वर्षभर जी खटपट झाली, ती या घोषणेमागे खरे पैसे उभे करण्याची. आयर्लंडच्या ‘यू टू’ बँडचा गायक बोनो या खटपटीत नेमके काय करत होता, त्यातून काय साधले आणि कुठे गळती राहिली, हा या अभ्यासाचा विषय आहे.

बोनोचे नाव घेतले की लोकांना १३ जुलै १९८५चे ‘लाइव्ह एड’ आठवते. लंडनच्या वेम्बली आणि फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियमवर एकाच दिवशी झालेल्या त्या मैफलीमागे आयरिश गायक बॉब गेल्डॉफ होता. बोनो गाणाऱ्यांपैकी एक. त्याच वर्षी तो पत्नीसह इथिओपियात गेला आणि दुष्काळग्रस्तांच्या छावणीत काही आठवडे काम करून आला. पुढे भाषणांत तो एक हिशेब वारंवार मांडत असे: लाइव्ह एडच्या सगळ्या धडपडीतून जमले सुमारे २० कोटी डॉलर, आणि आफ्रिकेतले देश तेवढी रक्कम जेमतेम आठवड्याभरात कर्जाच्या हप्त्यांपोटी श्रीमंत देशांना परत करत होते. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की मैफलीतून देणगी गोळा करण्याचा मार्ग अपुरा वाटू लागतो.

हे कर्ज साचले कसे, ते थोडक्यात सांगतो. १९७०च्या दशकात तेलाच्या पैशाने बँका तुडुंब होत्या, कर्ज सहज मिळत होते. शीतयुद्धात आपल्या बाजूला राहावे म्हणून दोन्ही गटांनी हुकूमशहांनाही हात सैल सोडून पैसे दिले. मग व्याजदर भडकले, तांबे, कॉफी, कोको यांचे भाव पडले आणि जुने हप्ते भरायला नवी कर्जे काढावी लागली. सरकारांनी सरकारांना दिलेल्या कर्जाची फेररचना ‘पॅरिस क्लब’ या धनको देशांच्या गटात होत असे. जागतिक बँक आणि नाणेनिधी मात्र आपले येणे कधीच सोडत नसत. आपला पहिला हक्क अबाधित राहिला पाहिजे, हे त्यांचे तत्त्व. १९९६मध्ये ‘अतिकर्जबाजारी गरीब देश’ म्हणजे ‘हिपिक’ ही योजना आली, तेव्हा हे तत्त्व पहिल्यांदा वाकले.

हिपिकच्या दोन पायऱ्या आहेत आणि त्या समजल्याशिवाय पुढचे प्रकरण कळणार नाही. पहिली पायरी ‘निर्णयबिंदू’: देशाने नाणेनिधीच्या कार्यक्रमाप्रमाणे काही काळ कारभार करून दाखवायचा, मग त्याचे कर्ज किती सोडायचे ते ठरते. दुसरी ‘पूर्तताबिंदू’: ठरलेल्या सुधारणा आणि दारिद्र्यनिवारणाचा आराखडा अमलात आणला की माफी पक्की होते, मागे घेता येत नाही. मूळ योजनेत कर्जाची आजच्या किमतीतली रक्कम वार्षिक निर्यातीच्या २०० ते २५० टक्क्यांहून जास्त असेल, तरच देश पात्र ठरे, आणि सगळी वाट चालायला सहा वर्षांपर्यंत लागत. जून १९९९मध्ये जर्मनीतल्या कोलोनला भरलेल्या जी-८ या आठ बड्या देशांच्या परिषदेत ही अट १५० टक्क्यांवर आणली गेली आणि निर्णयबिंदूपासूनच हप्त्यांत सूट सुरू करायचे ठरले.

श्रीमंत देश इतके पुढे सरकले ते ‘ज्युबिली २०००’ या चळवळीच्या रेट्यामुळे. कील विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक मार्टिन डेंट आणि निवृत्त राजनैतिक अधिकारी बिल पीटर्स यांनी तिचे बीज रोवले आणि ॲन पेटिफर यांनी तिला बांधणी दिली. कल्पना बायबलमधली: लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायातले योबेल वर्ष. दर ५० वर्षांनी गहाण पडलेली जमीन मूळ मालकाला परत जायची, गुलाम मोकळे व्हायचे. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅमला जी-८ परिषदेच्या दिवशी सुमारे ७०,००० लोकांनी शहराभोवती मानवी साखळी केली. कोलोनपर्यंत माफीच्या मागणीवरच्या सह्या १.७ कोटींवर गेल्या होत्या. पुढे एकूण आकडा २ कोटी ४० लाखांच्या घरात पोहोचला. चर्चच्या पॅरिशमधल्या बायका, शाळामास्तर, निवृत्त कारकून असे लोक घरोघर फिरून सह्या घेत होते. गायक या चळवळीत नंतर आला आणि तिच्या खांद्यावर उभा राहिला. त्याचे श्रेय मोजताना ही गोष्ट विसरता येत नाही.

माफीलाही पैसे लागतात

कर्ज ‘सोडून द्यायचे’ तर पैसे कशाला हवेत, हा प्रश्न काँग्रेसमधल्या सदस्यांनाही पडत होता. महाराष्ट्रातल्या वाचकाला उत्तर लगेच पटेल. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो, तेव्हा बँकेच्या खात्यात ती रक्कम सरकारला भरावी लागते. इथेही तसेच, फक्त दोन वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट अमेरिकेच्या स्वतःच्या येण्याची. १९९०च्या एका कायद्याप्रमाणे सरकारला कर्ज माफ करताना त्याची आजची खरी किंमत अर्थसंकल्पात खर्च म्हणून दाखवावी लागते. समजा कागदावर १०० डॉलर येणे आहे, पण ऋणको इतका खंगलेला आहे की त्यातले १० वसूल झाले तरी नशीब. मग काँग्रेसने मंजूर करायचे ते १० डॉलरच. म्हणजे थोड्या रकमेत मोठा बोजा उतरतो. हे गणित न समजलेला प्रचारक ‘अब्जावधी डॉलर माफ करा’ अशी आरोळी ठोकतो आणि समोरचा खासदार घाबरून दार लावतो. ज्याला गणित कळते, तो म्हणतो, ‘यातला प्रत्येक डॉलर अनेक डॉलरचे काम करील.’

दुसरी वाट जागतिक बँकेकडे ठेवलेल्या न्यासनिधीची. आफ्रिकन विकास बँकेसारख्या प्रादेशिक बँकांना स्वतःच्या भांडवलातून माफी झेपत नव्हती. त्यांच्या वाटचा तोटा दात्या देशांनी या निधीतून भरून द्यायचा होता. २००१ या आर्थिक वर्षासाठी मागणी होती ४३.५ कोटी डॉलरची: ३६ कोटी न्यासनिधीसाठी आणि ७.५ कोटी अमेरिकेच्या स्वतःच्या येण्यापोटी. अमेरिका आपला हिस्सा घालत नाही तोवर बाकीचे दातेही हात आखडता घेत. त्यामुळे हा आकडा होता त्याहून मोठा होऊन बसला होता.

तिसरी एक बाजू होती नाणेनिधीच्या सोन्याची, आणि ती जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. निधीकडचे सोने जुन्या दराने, औंसाला ३५ एसडीआर (निधीचे स्वतःचे हिशेबाचे एकक) इतक्या किमतीने, वहीत धरलेले होते. बाजारभाव त्याच्या कितीतरी पट. ते विकून आलेल्या नफ्याच्या व्याजातून माफीचा खर्च भागवावा, ही कल्पना. पण सोने खुल्या बाजारात ओतले तर भाव कोसळणार, आणि घाना, मालीसारखे सोने निर्यात करणारे गरीब देशच त्यात भरडले जाणार. खाणकंपन्यांचा आणि दक्षिण आफ्रिकेचाही विरोध होता. मग मार्ग निघाला तो असा: ब्राझील आणि मेक्सिको यांना निधीचे हप्ते भरायचेच होते. निधीने त्यांना बाजारभावाने सोने विकले आणि त्यांनी तेच सोने त्याच भावाने हप्त्यापोटी लगेच परत केले. डिसेंबर १९९९ ते एप्रिल २००० या काळात १ कोटी २९ लाख औंसांचे असे व्यवहार झाले. बाजारात एक गुंजही आली नाही. वहीतली किंमत तेवढी नव्या भावाला गेली आणि फरक गुंतवणुकीला लागला. सोन्याच्या निर्णयाला निधीत ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे १५ टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणून काँग्रेसचा होकार हवाच होता. तो तुकड्यांनी मिळाला: १९९९मध्ये उत्पन्नाच्या १४ पैकी ९ हिस्से वापरायची परवानगी, उरलेल्या ५ हिश्श्यांची २०००मध्ये.

कोणाचे दार, कोणामार्फत

बोनोने पहिली गोष्ट केली ती शिकवणी लावण्याची. केनेडी घराण्यातले बॉबी श्राइव्हर त्याला हार्वर्डच्या जेफ्री सॅक्सकडे घेऊन गेले. सॅक्स माफीचे कट्टर पुरस्कर्ते. पण बोनो तिथे थांबला नाही; माफीबद्दल साशंक असलेल्या रॉबर्ट बॅरो या हार्वर्डच्याच अर्थतज्ज्ञालाही जाऊन भेटला आणि विरोधातला सगळ्यांत भक्कम मुद्दा कोणता, ते ऐकून घेतले. माफ केलेल्या पैशातून नवी शस्त्रे आणि नव्या मर्सिडीज येणार नाहीत कशावरून? पुढे वॉशिंग्टनमध्ये हाच प्रश्न प्रत्येक दालनात समोर आला, आणि दारिद्र्यनिवारणाच्या आराखड्याची अट हे त्याचे उत्तर तयार होते.

सप्टेंबर १९९९मध्ये कास्टेल गांडोल्फो इथे पोप जॉन पॉल दुसरे यांची भेट झाली. पोपनी बोनोचा निळा गॉगल डोळ्यांवर चढवून पाहिला, ही गोष्ट जगभर गाजली. पण कामाची गोष्ट वेगळी होती: कॅथलिक धर्मगुरूंची अमेरिकेतली सगळी यंत्रणा या मागणीच्या पाठीशी उभी असल्याची ती खूण होती.

काँग्रेसमध्ये डेमोक्रॅट बहुतांशी अनुकूलच होते. अडसर पलीकडच्या बाजूला होता. श्राइव्हर यांचे मेहुणे म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर, रिपब्लिकन. त्यांच्या ओळखीने ओहायोचे जॉन केसिक भेटले. केसिक प्रतिनिधिगृहाच्या अर्थसंकल्प समितीचे अध्यक्ष, खर्चाच्या बाबतीत कठोर म्हणून नावाजलेले. असा माणूस ‘हा खर्च करायलाच हवा’ म्हणतो तेव्हा त्याच्या पक्षातले लोक ऐकतात. खरी गाठ मात्र अलाबामाच्या सनी कॅलहन यांच्याशी होती. परकीय मदतीचे पैसे त्यांच्या उपसमितीतून जात आणि ते ठाम विरोधात होते. जुलै २०००मध्ये सभागृहासमोर विधेयक आले तेव्हा त्यात कर्जमाफीसाठी जेमतेम ६.९ कोटी डॉलर होते. डेमोक्रॅट प्रतिनिधी मॅक्सीन वॉटर्स यांची दुरुस्ती थोडक्या मतांच्या फरकाने मंजूर झाली आणि आकडा २२.५ कोटींवर गेला. अजून निम्मे अंतर बाकी होते.

कॅलहन यांच्याच अलाबामा राज्यातले दुसरे रिपब्लिकन प्रतिनिधी स्पेन्सर बॅकस. १९९९च्या सुरुवातीला अलाबामातल्याच बर्मिंगहॅम शहरातल्या एका चर्चची चार-पाच मंडळी त्यांना भेटायला वॉशिंग्टनला आली होती. कोणी बडे नाही, मतदारसंघातली साधी माणसे. बॅकस यांना तोवर या विषयात रस नव्हता. त्या भेटीनंतर ते माफीच्या विधेयकाचे पुरस्कर्ते झाले. बँकिंग समितीचे अध्यक्ष जिम लीच यांच्या बरोबरीने त्यांनी पक्षातून वाट मोकळी केली. गायकाला हे जमले नसते. परक्या देशातल्या माणसाला मत नसते आणि खासदार मोजतो ती मते.

मग गायकाने काय दिले? वेळ. ज्या माणसाच्या कार्यालयात संस्थेच्या प्रतिनिधीला सहायकाशी दहा मिनिटे मिळतात, तिथे बोनोला खुद्द साहेबांशी तासभर मिळत असे. सप्टेंबर २०००मध्ये तो नॉर्थ कॅरोलायनाचे सिनेटर जेसी हेल्म्स यांना भेटला. हेल्म्स सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष. परकीय मदत म्हणजे उंदरांच्या बिळात पैसे ओतणे, असे म्हणणारे. बोनोने आकडेवारी सुरू केली आणि त्याच्या लक्षात आले, की म्हाताऱ्याचे लक्ष लागत नाही. त्याने आकडे बाजूला ठेवले आणि बायबल काढले. गरिबांविषयी तिथे दोन हजारांवर वचने आहेत, हे सांगत तो योबेल वर्षापर्यंत आला. हेल्म्स यांच्या डोळ्यांत पाणी आले. समोरचा माणूस कोणत्या भाषेत विचार करतो हे भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांत ओळखणे, हे कौशल्य हजारोंच्या श्रोतृवर्गासमोर उभे राहणाऱ्याकडे असते, आणि इथे ते लाखमोलाचे ठरले. पुढे २००२मध्ये हेल्म्स यांनी एड्सबाबत आपण आधी काही केले नाही याची लाज वाटते, असे जाहीरपणे मान्य केले.

या भेटींत काही पथ्ये पाळलेली दिसतात. विरोधकाच्या दारात पत्रकारांचा घोळका न्यायचा नाही. मागणी एकच, आकड्यासकट आणि तारखेसकट. होकार दिला की त्या माणसाचे जाहीर आभार मानायचे, मग तो बाकी कोणत्याही प्रश्नावर कितीही टोकाचा असो. या शेवटच्या पथ्यावर चळवळीतल्या डाव्या मंडळींचा राग होता, आणि तो समजण्यासारखा आहे. सत्ताधाऱ्याला गायकाबरोबर छायाचित्र हवे असते. ते किती स्वस्तात द्यायचे? इथे ते पूर्ण किंमत घेऊन दिले गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस काँग्रेसने ४३.५ कोटी डॉलर पूर्ण मान्य केले आणि ६ नोव्हेंबर २००० रोजी क्लिंटन यांनी विधेयकावर सही केली.

शाळेच्या भिंतीवरचा आकडा

माफीतून सुटलेला पैसा पोचतो का, याचे उत्तर युगांडात सापडते. विस्तारित हिपिकचा पूर्तताबिंदू गाठणारा तो पहिला देश, मे २०००मध्ये. पण खरी तयारी आधीची आहे. १९९१ ते १९९५ या वर्षांत केंद्र सरकार प्राथमिक शाळांना प्रतिविद्यार्थी जे अनुदान पाठवत होते, त्यातले शाळेपर्यंत किती पोचले, याची पाहणी झाली. उत्तर निघाले सरासरी १३ टक्के. बाकीचे जिल्हा पातळीवर जिरत होते, आणि मुख्याध्यापकांना आपल्याला काही येणे आहे हेच ठाऊक नव्हते. उपाय साधा निघाला: जिल्ह्याला पाठवलेली रक्कम वर्तमानपत्रांत छापायची आणि शाळेला मिळालेली रक्कम शाळेच्या भिंतीवर लावायची. काही वर्षांत गळती उलटी झाली, अनुदानाचा मोठा भाग शाळेत पोचू लागला. १९९७मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाले, पटसंख्या झपाट्याने वाढली आणि १९९८पासून कर्जमाफीचा पैसा ‘दारिद्र्य कृती निधी’ या वेगळ्या शीर्षाखाली जाऊ लागला, म्हणजे तो शोधता येत होता. एका वर्गात शंभरावर मुले बसू लागली आणि शिकवण्याचा दर्जा घसरला, हेही खरे.

कागदावरचे गणितही फसले. पूर्ततेनंतर कॉफीचे भाव कोसळले, निर्यातीचा आकडा आक्रसला आणि युगांडाचे कर्ज पुन्हा १५० टक्क्यांच्या रेषेच्या वर गेले. नवे कर्ज न काढताही छेद लहान झाला की गुणोत्तर वाढते. निर्यात वाढतच जाईल असे गृहीत धरणे, हा त्या सूत्रातला मोठा दोष होता.

त्याची दुरुस्ती २००५मध्ये ग्लेनइगल्सच्या जी-८ परिषदेत झाली. पूर्तताबिंदू गाठलेल्या देशांचे जागतिक बँकेच्या सवलत शाखेचे, नाणेनिधीचे आणि आफ्रिकन विकास निधीचे येणे शंभर टक्के सोडायचे ठरले. पहिल्या झटक्यात १८ देश, सुमारे ४० अब्ज डॉलर. परिषदेच्या आधी २ जुलैला ‘लाइव्ह ८’च्या मैफली झाल्या. हाइड पार्कच्या मंचावर आफ्रिकी कलावंत जवळजवळ नव्हते. त्यांची मैफल कॉर्नवॉलमध्ये वेगळी झाली. आफ्रिकेच्या नावाने भरलेल्या मेळाव्यात आफ्रिकेला दूरच्या मांडवात बसवणे ही अक्षम्य चूक होती, आणि माफीच्या करारांमागे वर्षानुवर्षे खपलेले तिथले अर्थमंत्री आणि कार्यकर्ते त्यामुळे आणखी झाकले गेले. पुढच्याच वर्षी ‘यू टू’ने आपल्या गाण्यांच्या हक्कांचा व्यवसाय करबचतीसाठी आयर्लंडमधून नेदरलँड्सला नेला. व्यवहार कायदेशीर होता. पण सरकारांकडे मदतीचा पैसा मागणाऱ्याचा स्वतःचा कर कुठे जातो, हे लोक विचारणारच, आणि त्याची झळ मागणीला लागते.

रोमानियाचे ट्रॅक्टर

सगळ्यांत मोठी गळती मात्र कोणाच्या यादीत नव्हती. १९७९मध्ये झांबियाने रोमानियाकडून ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रे उधारीवर घेतली. १९९९मध्ये माफीची बोलणी चालू असतानाच ही थकबाकी डोनेगल इंटरनॅशनल या कंपनीने रोमानियाकडून सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतली. एप्रिल २००५मध्ये झांबियाने पूर्तताबिंदू गाठला, १ एप्रिल २००६पासून ग्रामीण दवाखान्यांतली फी बंद झाली, आणि इकडे कंपनीने लंडनच्या न्यायालयात साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला. २००७मध्ये न्यायालयाने दीड कोटी डॉलरवर रक्कम मंजूर केली. कायद्यात ते बसत होते, कारण हिपिक ही सरकारे आणि बँका यांची आपसांतली समजूत. खासगी धनकोवर ती बंधनकारक नव्हती. बाकीच्यांनी सोडलेला पैसा न सोडणाऱ्याच्या घशात गेला. २०१०मध्ये ब्रिटनने कायदा करून हिपिक देशांच्या जुन्या कर्जावर अशी वसुली रोखली.

पाटी कोरी झाल्यावर नवे सावकार आले. झांबियाने २०१२, २०१४ आणि २०१५मध्ये मिळून ३ अब्ज डॉलरचे रोखे विकले, शिवाय चीनकडून मोठी कर्जे घेतली. नोव्हेंबर २०२०मध्ये ४.२५ कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला आणि देश थकबाकीदार ठरला. घानाने २००४मध्ये पूर्तताबिंदू गाठला होता. डिसेंबर २०२२मध्ये त्यानेही परतफेड थांबवली. २००० साली धनको म्हणजे ओळखीची सरकारे आणि दोन-तीन बँका, एका खोलीत बसवता येतील इतक्या. आता रोखेधारक जगभर विखुरलेले आणि त्यांच्याशी बोलायला प्रत्येक वेळी वकील. सरकारी धनकोंशी झांबियाचा समझोता व्हायला जून २०२३ उजाडला, रोखेधारकांशी २०२४.

या रोख्यांचे करार बहुतेक इंग्लंड किंवा न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याखाली होतात. म्हणून आज कर्जमुक्तीची मागणी करणाऱ्या संस्था न्यूयॉर्क राज्याची राजधानी असलेल्या ऑल्बनीकडेही फेऱ्या मारतात. तिथल्या विधिमंडळात खासगी धनकोंनाही सरकारी धनकोंइतकीच सूट देणे भाग पाडणारी विधेयके मांडली गेली आहेत आणि अजून अडलेली आहेत. तिथल्या समित्यांच्या अध्यक्षांची नावे न्यूयॉर्कबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाहीत. २०००च्या आधी सनी कॅलहन यांचेही नाव अलाबामाबाहेर कोणाला ठाऊक नव्हते.